वरच्या मजल्यावर धरलेली जागा

१६ जानेवारी, गुरुवार

आजपासून कामाला लागले. ही वही हर्षदशेठनी दिली. गेल्या सालची डायरी हाय, तारखा खोडून वापरायची. स्वयंपाकघरात रोज काय संपलं ते लिहून ठेवा काकी म्हणाले, म्हंजे सकाळी पोलादपुरातून आणता येईल. मी चौथी शिकलेली. अक्षर म्हंजे कोंबडी चालून गेल्यासारखं, पण लिहिता येतं. संपलेलं मागच्या पानांवर लिहीन आणि पुढच्या पानांवर माझं. कोण वाचतंय.

जागा बेस हाय. पोलादपूरच्या अलीकडे, हायवेला लागून. मुंबईहून एक जुनी लाल डबलडेकर आणून उभी केलीय, तेच हाटेल. चाकं काढून खाली सिमेंटचे ओटे बांधलेत. खाली सहा टेबलं, वर आठ. बाकडी मात्र तीच ठेवलीत, गाडीतली. वरच्या पुढच्या काचेतनं कशेडीचा डोंगर सगळा दिसतो. मागं पत्र्याची शेड, तिथं माझी चूल, गॅस, आणि झोपायला खोली. खोलीला पंखा हाय, खिडकी हाय, नळाला पाणी हाय. आमच्या वरंधच्या घरी यातलं एकच हाय, आणि तो पंखा चालत नाय.

हर्षदशेठचे चुलते गोमाजीभाऊ या असल्याच गाडीवर कंडक्टर होते. आता रिटायर होऊन गावी आलेत. त्यांना खाकी कपडे घालून दारात बसवलंय. गिऱ्हाइक आलं की तिकिटाला भोक पाडून देतात. तिकिटावर वडा, मिसळ, तांदळाची भाकरी असं छापलंय. पोरं खूश होतात. मला बघून म्हणाले, वहिनी, पुढं सरका, मध्ये गर्दी करू नका. शेडमध्ये मी एकटी होते. मी हसले. लय दिवसांनी हसले.

अनिल म्हणून वाढपी हाय, चाळिशीचा, आळशी. त्याला सरळ करीन.

१९ जानेवारी, रविवार

भाकऱ्या थापून हात गेले. मुंबईचे लोक गावाला जाताना-येताना थांबतात. गाडी बघितली की म्हातारे होतात एकदम. एक मोठ्या पोटाचा माणूस वर पुढच्या बाकड्यावर बसून रडायला लागला. शाळेत असताना बापाबरोबर इथंच बसायचो म्हणे. त्याची बायको म्हणाली, बापाबरोबर बसायचात मग आता माझ्या डोक्यावर का बसलाय, उठा, पोरांना भूक लागलीय. तरी तो उठेना. एकजण टेबलाखाली वाकून पत्र्याचा वास घेत होता. वास तर माझ्या कांद्याचा येत होता.

सगळे एकच बोलतात. काय गाड्या होत्या. काय वारा लागायचा वर. बंद करून टाकल्या बघा, आता नुसती एसीची खोकी. मला कळत नाय हे. गाडी म्हंजे गाडी. मोडली की भंगार.

मीपण अकरा वर्षं काढलीत मुंबईत. लालबागच्या मागं दहा बाय दहाची खोली. माझे मालक गोदामात होते. त्यांचं नाव मी तोंडानं घेत नाय, वहीत लिहिलं तर चालतंय. कुशाबा. मी तीन घरी पोळ्या करायची. सासू होती, बनुबाई. ती तिथंच हरवली. मग आम्ही गाव धरला. मालक आता महाडच्या एमायडीशीत कंपनीत पाळीवर असतात.

झालं. त्यात रडण्यासारखं काय नाय.

२२ जानेवारी

वरच्या मजल्यावर, पुढच्या डाव्या बाकड्यावर, खिडकीकडची जागा सोडून बाजूच्या जागेवर एक फडकं ठेवलेलं होतं. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं, एका टोकाला गाठ. गिऱ्हाइकाचं राहिलं असेल म्हणून खुंटीला लावलं. संध्याकाळी परत तिथंच. अनिलला झापलं. तो म्हणतो काकी, मी वर गेलोच नाय, माझी पाठ दुखते. पाठ दुखतेच त्याची, वर जायचं म्हटलं की.

फडकं आणलं खाली. तवा उचलायला बरं हाय.

२४ जानेवारी

चुलीजवळच्या खिळ्याला फडकं नाय. वर हाय. परत तिथंच, तसंच पसरून. गाठीचं टोक आतल्या बाजूला.

आमच्याकडं एसटीत अशी जागा धरतात. महाडच्या स्टँडला गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकायचा, टोपी टाकायची, काय नसलं तर पोरगं टाकायचं आत. मग त्या जागेवर कुणी बसत नाय. बसला तर भांडण. रुमाल पडला म्हंजे माणूस बसला, हा कायदाच हाय आमच्याकडं.

पण हाटेलात कोण जागा धरतंय.

२५ जानेवारी, शनिवार

दुपारी चिपळूणला जाणारी एक बाई वरनं खाली आली आणि माझ्यावरच चिडली. तुमची आजी पुढची जागा देत नाय म्हणाली. बाकडं दोघांचं, आजी एकटी, बाजूला फडकं टाकून बसलीय. विचारलं तर म्हणते सून येतेय माझी. अहो कधी येतेय सून, अर्धा तास झाला. आमच्या पोराला तिथनं डोंगर बघायचा होता.

मी म्हटलं आमच्याकडं आजी नाय कुणी.

हातात लाटणं घेऊन वर गेले. वर दोन टेबलं भरलेली होती, कॉलेजची पोरं. पुढं कुणी नाय. फडकं होतं. त्याच्या बाजूची खिडकीकडची जागा हातानं चाचपली. ऊन येतं तिथं, म्हणून गरम असेल.

अनिलला विचारलं आजी बघितलीस का. म्हणाला रोजच असते की, मला वाटलं तुमची कोण तरी.

२७ जानेवारी

मालक आले होते. पाळी संपवून मोटारसायकलवर सरळ हितं. चहा प्यायले, भाकरी नको म्हणाले. मग सांगितलं ते लिहून ठेवते.

आत्याबाईंना, म्हंजे सासूला, हरवून या माघात बारा वर्षं होतात. बारा वर्षं माणूस सापडला नाय की गेला धरतात, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. भटजींना विचारून आलेत. तेरा फेब्रुवारीला वरंधला करायचं. नणंद येणार, भावकी येणार. भटजी म्हणाले पुतळ्यात घालायला जिथं ती शेवटची दिसली तिथली मूठभर माती आणा, म्हंजे जीव त्या जागेवरनं सुटतो. नायतर पुतळा जळतो आणि माणूस आपला तिथंच राहतो.

मालक म्हणाले मी दहा तारखेला मुंबईला जातो, राणीबागेच्या गेटाकडची माती आणतो. तिथंच ना गं हात सुटला तुझ्या हातातनं.

मी म्हटलं हो.

बारा वर्षांत कितीदा विचारलं असेल. दर वेळी मी हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं. आज पहिल्यांदा हो म्हणताना मी तव्याकडं तोंड फिरवलं.

जाताना त्यांनी डबलडेकरकडं बघितलं. आयेला लय आवडायची ही, वर पुढं बसायची लहान पोरासारखी, असं म्हणाले. आणि वर जाऊन बसतो जरा म्हणाले. मी जाऊ दिलं नाय. म्हटलं फरशी पुसलीय, ओली हाय.

३० जानेवारी

आज गिऱ्हाइक कमी. गोमाजीभाऊ शेडमध्ये येऊन लसूण सोलायला बसले. बोलायला माणूस लागतं त्यांना. ही गाडी कशी मिळाली ते सांगत होते. भंगारवाल्याच्या आवारात अशा आठ-दहा उभ्या होत्या. हर्षद म्हणाला काका, कुठलीपण घेऊ, सगळ्या सारख्याच. पण भाऊंनी नंबर शोधून हीच घ्यायला लावली. सात वर्षं याच गाडीवर होते. घंटीची दोरी कुठं दुरुस्त केलीय ते डोळे झाकून सांगतील.

मी म्हटलं मग कधी वर का जात नाय. पंधरा दिवस बघतेय, खालनंच हाका मारता.

गुडघे, म्हणाले.

मग गाडीत लोक काय काय विसरायचे ते सांगायला लागले. छत्र्या, डबे, एकदा दातांची कवळी, एकदा जिवंत कोंबडा. हसत होते. आणि हसता हसताच म्हणाले, एकदा तर वहिनी, माणूसच विसरलं कुणीतरी.

लसूण सोलणं थांबलं त्यांचं.

वरचा कंडक्टर तेच असायचे. त्या दिवशी जोडीदार आला नव्हता म्हणून एकटेच खाली-वर करत होते. शेवटच्या थांब्याला वर गेले तर पुढच्या बाकड्यावर एक म्हातारी. नऊवारी, गावाकडची. बाजूच्या जागेवर फडकं टाकलेलं. म्हणाले आजी उतरा, गाडी संपली. ती म्हणाली सून तिकीट काढायला खाली गेलीय, आली की उतरते. भाऊंना वाटलं असेल खाली. गाडी परत फिरली. पुढच्या फेरीलापण तिथंच. गर्दीत लोकांना त्या फडक्यावर बसू देईना. भाऊंनी चहा आणून दिला, तर विचारते एकच कसा आणलास, माझी सून येईल ना आता. तीन फेऱ्या झाल्या. मग यांची ड्युटी संपली. चुलत भावाचं लगीन होतं, गावची गाडी धरायची होती. पुढच्या माणसाला सांगितलं वर एक म्हातारी हाय बघ, आणि गेले.

मी विचारलं मग काय झालं तिचं.

म्हणाले ठाऊक नाय. आठ दिवसांनी कामावर आलो, विचारलं असतं तर कळलं असतं. म्हणूनच नाय विचारलं.

भाऊ उठून गेले. लसूण तसाच राहिला.

मी विचारलं नाय कुठलं साल. चुलत भावाच्या लग्नाचं साल त्यांना ठाऊक असणार.

३१ जानेवारी

विचारलं. दोन हजार तेरा, माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी.

१ फेब्रुवारी, शनिवार

लिहून टाकते. तोंडानं होणार नाय माझ्याच्यानं.

आत्याबाई वाईट नव्हत्या, पहिलं हे लिहिते. मला सुनेसारखं राबवलं नाय कधी. गावची एसटी असो, मुंबईची गाडी असो, आधी चढायच्या आणि बाजूला फडकं टाकून माझी जागा धरायच्या. सगळी गाडी रिकामी असली तरी. मी चिडायची, आत्याबाई, शंभर जागा हायत की. तर म्हणायच्या असू दे गो, कोण येईल सांगता येत नाय.

मग त्यांचं डोकं गेलं. जेवल्या की लगेच म्हणायच्या जेवायला दिलं नाय. गॅस चालू ठेवायच्या. खोलीतच करून ठेवायच्या आणि पदरानं झाकायच्या. मी पहाटे उठून ते काढायची, मग तीन घरच्या पोळ्या. शेजारणी नाकाला पदर लावून विचारायच्या काय गं, आज काय शिजलंय. मालक दिवसभर गोदामात. त्यांना त्यांची आये दिसायची रात्री, धुतलेली, पुसलेली, वेणी घातलेली. म्हणायचे बरी हाय की ती.

मी कमी सोसणारी हाय. हे कारण नाय सांगत. हाय ते हाय.

त्या दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं होतं. राणीबागेच्या बाजूला जाणारी गाडी पकडायची होती, पण पुढं उलट्या दिशेची डबलडेकर लागली आणि आत्याबाई पोरासारख्या धावत चढल्या. वर, पुढं. मी मागनं शिव्या देत. बसल्या, फडकं टाकलं, म्हणाल्या ये गो चंद्रे, बस, वारा बघ. गाडी सुटली. कंडक्टर वर येईना. मी म्हटलं बसा तुम्ही, मी खाली तिकीट काढून येते.

खरंच तिकीट काढायला उतरले होते जिन्यानं. हे खरं हाय. खाली कंडक्टर पुढं गर्दीत होता. गाडी पुढच्याच, लालबागच्या थांब्याला थांबली. दारात मोकळी जागा होती.

मी उतरले. कुणी ढकललं नाय.

गाडी गेली. मी पुढच्या थांब्याला धावत जाऊ शकत होते. टॅक्सी होती. पोलीस होता समोर. मी घरी गेले आणि खोली धुतली. मग संध्याकाळी रडत गोदामावर गेले आणि सांगितलं राणीबागेच्या गेटाजवळ गर्दीत हात सुटला. दवाखाना त्या बाजूला होता, म्हणून ते नाव तोंडात आलं.

तीन महिने कुशाबा राणीबागेच्या आसपास फिरत होते. फोटो घेऊन. फुटपाथवर झोपलेल्यांची पांघरुणं सारून तोंडं बघायचे. नोकरी गेली त्यात. ती तिकडं कधी गेलीच नव्हती. ती उलट्या बाजूला गेली होती आणि तीन फेऱ्या माझी जागा धरून बसली होती. त्याच दिवशी डेपोत जाऊन विचारलं असतं तर ती मिळाली असती.

मी तिला एकदा नाय हरवलं. रोज हरवलं, तीन महिने.

४ फेब्रुवारी

अनिल वरनं ऑर्डर घेऊन आला. पुढच्या टेबलाला दोन चहा, एक बशीतनं पिणार.

मी केले. नेऊन ठेव म्हटलं. अर्ध्या तासानं कप आले. एक रिकामा, बशी चाटल्यासारखी पुसलेली. दुसरा भरलेला, वर साय धरलेली.

अनिल म्हणतो आजी विचारत होती, चहा कोण करतंय. मी सांगितलं चंद्राकाकी. लय हसली म्हणे.

६ फेब्रुवारी

हर्षदशेठना म्हटलं मला जायचंय, हे काम नको. ते म्हणाले काकी, रविवार तेवढा काढा, तुमच्या भाकरीवर बोर्ड रंगवलाय मी. मी ऐकलं नाय. पिशवी भरली, पोलादपूरच्या स्टँडवर गेले, महाडची गाडी लागली. सगळ्यांच्या आधी चढले.

सगळ्या जागा रिकाम्या. मी खिडकीत बसायला गेले आणि बघितलं तर बाजूच्या जागेवर—

मी उतरले. परत उतरलेच.

चालत हाटेलात आले. ती गाडीत बसून महाडला गेली की हितंच हाय, कळत नाय. पण वरच्या काचेत कुणीतरी तोंड लावून रस्त्याकडं बघत होतं. मी वर बघितलं नाय. मान वर होत नाय माझी.

९ फेब्रुवारी, रविवार

मालकांचा फोन. उद्या सकाळच्या गाडीनं मुंबईला निघतो. माती, फुलं, तिथल्या रसवंतीवाल्याकडं एक जुना माणूस ओळखीचा हाय त्यालापण भेटून येतो म्हणाले. तो त्यांच्याबरोबर शोधायचा.

मी म्हटलं ऐका ना.

म्हणाले बोल.

मी म्हटलं स्वेटर घ्या, पहाटे गार असतं.

लालबाग. एवढा एकच शब्द होता. चार अक्षरं.

१० फेब्रुवारी

गोमाजीभाऊ आज वर गेले. गिऱ्हाइकांनी हट्ट केला, काका वर येऊन भोक पाडा ना. ते गेले. लगेच खाली आले. खाकी शर्ट काढला, घडी घातली, भोक पाडायचा पंच त्यावर ठेवला. माझ्याकडं शेडमध्ये येऊन उभे राहिले बनियनवर. म्हणाले वहिनी, ती मला ओळखते. विचारलं, दादा, लगीन झालं का भावाचं.

मी म्हटलं भाऊ, ती माझी सासू.

त्यांनी बघितलं माझ्याकडं. मला वाटलं थुंकतील. तर पाया पडल्यासारखे वाकले आणि म्हणाले मी निदान नाव विचारायला पायजे होतं. मग गेले. दुपारनं हर्षदशेठ सांगत होते काकांना ताप भरलाय, बडबडताहेत, गाडी संपली उतरा, गाडी संपली.

११ फेब्रुवारी

उद्या मालक येतात. परवा क्रिया.

चुकीची माती घातली तर पुतळा जळेल. ती नाय सुटायची. हितंच बसेल. हितनं कुठं, जिथं जिथं मी बसेन त्याच्या बाजूला.

पण मालकांना सांगितलं तर— तीन महिने लोकांची तोंडं बघत फिरत होते ते. माझ्या एका शब्दावर.

आज ऑर्डर नव्हती. मीच दोन चहा केले. अनिलला वर पाठवलं नाय, जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवले. बघते तर एकच कप परत. रिकामा. दुसरा वर ठेवून घेतलाय.

माझा.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ

फोन केला. म्हटलं उद्या येताना वरंधला जाऊ नका, आधी हितं उतरा. माती घेऊनच या. वही द्यायचीय. वाचा तुम्ही. मला बोलता येत नाय.

वरनं पावलांचा आवाज. खिडकीकडनं जिन्याकडं, जिन्याकडनं खिडकीकडं. घरात माणूस यायच्या वेळी म्हातारी करायची तसं.

१२ फेब्रुवारी

चार वाजले असतील. वर बसलेय. पुढं, डावीकडं. फडकं उचललं, मांडीवर ठेवलं आणि बसले. गिऱ्हाइक नाय कुणी.

मालक, एक फेब्रुवारीचं पान आधी वाचा. मातीची पुडी उघडू नका. ती राणीबागेची हाय, ती खोटी हाय. लालबागच्या थांब्याची—

बाजूला हाय ती. मी बघत नाय. मिश्रीचा वास येतोय. नऊवारीचा काठ माझ्या पायाला लागतोय.

मी म्हटलं आत्याबाई, तिकीट काढलं नव्हतं मी. उतरले होते.

ती म्हणते ठाऊक हाय गो. वरनं सगळं दिसत होतं. रस प्यायलीस तू. बर्फ नको म्हणालीस.

हे मी लिहिलं नव्हतं. कुठंच नाय. मनातपण नाय आणलं बारा वर्षं. थांब्याच्या कोपऱ्यावर रसवाला होता. गाडी हलेपर्यंत मी तिच्याकडं पाठ करून रस पीत होते. बर्फ नको म्हटलं, घसा धरतो म्हणून. घशाची काळजी घेतली मी त्या दिवशी.

ती म्हणते एकदा वर बघितलं असतंस तर हात केला असता मी. काच वाजवली होती. तू लांब होतीस.

खाली रिक्षा थांबली. मालकांचा आवाज. अनिलला विचारताहेत कुठं हाय ही.

ती म्हणते नको सांगूस त्याला. मोडेल पोर माझं. इतकी वर्षं नाय सांगितलंस, आता कशाला. वही दे हिकडं. मी कुणाला बोलायची नाय. तू नुसती बस हितं बाजूला.

बारा वर्षं मला कुणीतरी हेच म्हणायला पायजे होतं.

जिन्यावर पाय वाजताहेत. तिनं वहीवर हात ठेवलाय. गार असेल वाटलं होतं. गरम हाय, भाकरी भाजून उठल्यासारखा. अक्षरं झाकली जातात— हात काढा आत्याबाई— पान ओढते ती— नाय, या वेळी मी— मालक, लवकर वर या, लालबागला मी तिला सोडू—